टेम्परेचर सेन्सर गेलाय की थर्मोस्टॅट उघडा अडकलाय?

ॲव्हरेज पडलंय, सकाळी तो निळा टेम्परेचरचा दिवा जाता जात नाही, आयडल (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) चढलेलं राहतं, पण चेक इंजिनचा दिवा काही लागत नाही. गॅरेजला गेलं की एकजण म्हणतो कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) टेम्परेचर सेन्सर बदला, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत हे पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) गेलाय. माझ्या गाडीला आधी सेन्सरच टाकला, ढिम्म फरक नाही, नंतर कळलं थर्मोस्टॅट होता. म्हणून हे लिहितोय, तपासल्याशिवाय पार्ट बदलायला अजिबात हो म्हणू नका.

आधी चेक इंजिनचा दिवा का लागत नाही ते. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेन्सरला ५ व्होल्ट देतो आणि किती उरतंय त्यावरून तापमान ओळखतो. वायर तुटली तर रीडिंग उणे ४० डिग्री दिसतं, शॉर्ट झाली तर १२० च्याही वर, हे अशक्य आहे हे त्याला लगेच कळतं आणि दिवा लागतो. पण इंजिन खरं ९० वर असताना सेन्सरने ६८ सांगितलं तर? ६८ काही अशक्य नाही, मग तो मुकाट्याने विश्वास ठेवतो आणि थंड इंजिनला सोडावं तसं जास्त पेट्रोल सोडत राहतो.

थर्मोस्टॅट उघडा अडकला की मात्र इंजिन खरोखरच ६८ वर असतं. तो साधारण ८२ ते ८८ ला उघडायचा असतो, तो पहिल्यापासून उघडाच, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधून फिरत बसतं. यात पेट्रोल जातं, इंजिन झिजतं. सेन्सरचं खोटं रीडिंग मला जास्त भीतीदायक वाटतं, कारण बहुतेक गाड्यांत फॅन त्याच रीडिंगवर लागतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये फॅन लागलाच नाही तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जाण्यापर्यंत प्रकरण जातं.

आता ओळखायचं कसं. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) घ्या, डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत तो मधल्या पट्ट्यात हलतच नाही आणि हल्ली कित्येक गाड्यांना काटाच नसतो. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना (गाडी गियरमध्येच ठेवा, न्यूट्रल करू नका, आणि आकडा शेजारच्याला बघायला सांगा) वाऱ्याने आकडा ८५ वरून ७० कडे घसरला आणि खाली सिग्नलला थांबल्यावर परत चढला तर संशय थर्मोस्टॅटवर. रेडिएटरचा पाइपही सांगतो: चांगला थर्मोस्टॅट असेल तर थर्मोस्टॅटकडून रेडिएटरला जाणारा पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम तापतो, अडकलेला असेल तर सुरुवातीपासून कोमट कोमट होत जातो.

सेन्सरसाठी रात्रभर उभी गाडी, सकाळी स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन. कूलंट आणि इनटेक हवा, दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, डिसेंबरात पुण्यात १२-१३ असेल तर दोन्हीकडे तेवढंच. कूलंट एकटाच १० डिग्रीने वेगळा असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग.

पण ही टेस्ट पास झाली म्हणून सेन्सरला सोडू नका, इथेच बरेच जण फसतात. सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण २० डिग्रीला दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास येतो. कनेक्टरमध्ये गंज चढून दोनशे ओहम वाढले तर थंडीत ते जाणवतही नाहीत, आणि गरम इंजिनवर मात्र रीडिंग पंधरा-वीस डिग्री कमी दाखवतं. म्हणून इंजिन पूर्ण तापल्यावर इन्फ्रारेड गनने (न टेकवता तापमान मोजणाऱ्या) सेन्सरजवळचा काळा रबरी पाइप मोजा, चकचकीत ॲल्युमिनियमवर गन चुकते. पाइपच ९० आणि स्कॅनर ७० म्हणत असेल तर थर्मोस्टॅट निर्दोष आहे. मग नाना पेठेत (पुण्यातला पार्ट्सचा बाजार) सेन्सर आणायला जायच्या आधी इंजिन गार झाल्यावर कनेक्टर काढून बघा, पिनांवर हिरवट थर असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, आणि गरम इंजिनवर परत एकदा मोजा.