सावलीतला गुणाकार

संगणकावर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनच्या पद्धतीचं चित्र रंगवताना नवख्यांचा पहिला अपघात ठरलेला असतो. रेषा सुबक, डोळे टपोरे, सगळं जमून आलेलं असतं. मग हनुवटीखाली सावली द्यायची म्हणून त्वचेचा रंग आयड्रॉपरने उचलून कलर व्हीलवर काळ्याकडे ओढला जातो आणि चित्रातली मुलगी टायफॉइडमधून उठल्यासारखी दिसायला लागते. यावर सल्ला मिळतो तो ‘भारी’ ब्रशपॅक विकत घेण्याचा, नाहीतर एका क्लिकमध्ये शेडिंग करून देणाऱ्या एआयचा. ब्रश बिचारा निर्दोष असतो. पावसाळ्यात पुण्याच्या कसबा पेठेत एखाद्या गणपतीच्या कारखान्यात डोकावलंत, तर पोटाच्या वळीवर स्प्रेगनने शेड मारणारा कारागीर काळा मारत नाही, तांबूस नारिंगी मारतो. त्याच्या हाताला जे कळलंय त्यामागचं गणित फार सुंदर आहे.

सावली म्हणजे प्रकाश नसलेली जागा, हा समज आपण शाळेपासून बाळगतो. खरं तर तिथे एक दिवा झाकला गेलेला असतो आणि दुसरा चालूच असतो. समजा, पर्वतीच्या पायऱ्यांवर दुपारी चारला उभी असलेली, पिवळ्या कुर्त्यातली मुलगी काढायची आहे. तिच्या उजेडातल्या गालावर सूर्याचा प्रकाश पडतो आणि उरलेल्या सगळ्या आकाशाचाही. हनुवटीखाली सूर्य झाकला गेला, आकाश तेवढं राहिलं. हवेतले रेणू प्रकाश विखुरतात तो तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ४५० चा निळा घेऊन हिशेब केला, तर निळा चौपटीहून जास्त विखुरतो. म्हणून हा उरलेला दिवा निळा.

आता शाळेतलीच गोष्ट. दिसणारा रंग म्हणजे पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो, गुणिले त्यावर किती प्रकाश पडतो. सावलीतल्या रंगाला उजेडातल्या रंगाने भागा. पृष्ठभाग वरही आहे, खालीही आहे, तो उडून जातो! उरतं फक्त आकाश भागिले (सूर्य + आकाश). म्हणजे गाल असो, कुर्ता असो की दगडी पायरी, सावलीत जाताना प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा अशा त्याच तीन आकड्यांनी गुणायचं. फाइलमध्ये हे तीन आकडे ० ते २५५ असे लिहिलेले असतात. चित्रावर पारदर्शक कागदासारखा ठेवायचा मल्टिप्लाय लेयर नेमकं हेच करतो: खालचा आकडा गुणिले वरचा आकडा, भागिले २५५. सगळ्या चित्राला सावलीचा एकच लेयर पुरतो तो यामुळे.

इथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल, आणि घ्यावीच. फाइलमधला १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे. १९९९ साली प्रमाणित झालेल्या एसआरजीबी या रंग साठवायच्या पद्धतीत आकडे साधारण २.२ या घातांकाच्या हिशेबाने दाबून ठेवलेले असतात, कारण अंधारातले बारीक फरक डोळ्याला जास्त कळतात. १२८ म्हणजे जेमतेम २२ टक्के प्रकाश. निम्म्यासाठी १८८ लागतो. मग असे दाबलेले आकडे गुणले तर उत्तर चुकणार नाही का? चुकत नाही. गुणाकाराचा घात म्हणजे घातांचा गुणाकार, हे आठवीच्या घातांकांतलंच. दाबून गुणा की गुणून दाबा, उत्तर तेच. अगदी गडद टोकाला एसआरजीबीचा वक्र सरळ रेषा होतो, तिथे किंचित फरक पडतो एवढंच.

बेरजेला मात्र ही सवलत नाही. मऊ ब्रशने लाल हिरव्यात घोळला की मधे (१२८, १२८, ०) असा शेवाळी पट्टा येतो. खऱ्या प्रकाशाची सरासरी काढली असती तर (१८८, १८८, ०) आला असता. एअरब्रशची शेडिंग मळकट दिसते त्याचं एक कारण हे. ॲनिमेतल्या कडक कडेच्या, सपाट छटांच्या सेल शेडिंगमध्ये सरासरीचा प्रश्नच येत नाही. ती कडक कड गणितातून आलेली नाही म्हणा. हाताने ॲनिमेशन करायचे तेव्हा सेल्युलॉइडच्या पारदर्शक पानावर मागच्या बाजूने रंग भरायचे आणि प्रत्येक छटेचा रंग वेगळा. हजारो पानांवर छटा विरघळवत बसणं कोणाला परवडणार?

कृती थोडक्यात. ए४, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. वर लाइनआर्ट, खाली सपाट रंग. बादलीने रंग भरताना क्षेत्र एक-दोन पिक्सेल फुगवायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर रेषेच्या कडेला पांढरे दाणे राहतात. सपाट रंगांवर क्लिप केलेला मल्टिप्लाय लेयर. क्लिप करायला विसरलात तर सावली पार्श्वभूमीवर सांडते. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम लेयरपुढचं अल्फाचं (पारदर्शकतेचं) चिन्ह करतं, पण लेयर त्याच ग्रुपमध्ये नसेल तर ते दाबून उपयोग नाही.

आता आकडे. त्वचा (२५५, २२४, १९६), सावली आकाशाच्या रंगाची (१५०, १७०, २१०). गुणाकार येतो (१५०, १४९, १६१): पोलिसांनी पंचनामा करावा असा राखाडी. पिवळा कुर्ता (२५५, २१०, ६०) होतो (१५०, १४०, ४९), म्हणजे शेवाळ. भौतिकशास्त्र खोटं पडलं का? नाही. पर्वतीवर उभं राहिलं की डोळा निळसर उजेडाला सरावतो आणि त्वचा त्वचेसारखीच दिसते. पांढऱ्या स्क्रीनवरच्या वीतभर चित्रात तसा सराव होत नाही. शिवाय त्वचा म्हणजे काही भिंत नव्हे. प्रकाश आत शिरतो, भरकटतो, बाहेर पडतो, आणि या प्रवासात लाल सगळ्यात लांब जातो. बोटांमागे टॉर्च धरून बघा. उजेडातून शिरलेला लाल सावलीच्या हद्दीत बाहेर पडतो.

म्हणून सावलीतला लाल आकडा १५० वरून १९० करा. त्वचा (१९०, १४९, १६१), गुलाबीकडे झुकलेली. कुर्ता (१९०, १४०, ४९), हळदीच्या जवळ. गालावर जिथे उजेड वळून सावलीत जातो त्या कडेवर सहा-आठ पिक्सेलची (२३०, १३०, ११०) रेघ नॉर्मल, म्हणजे गुणाकार न करणाऱ्या लेयरवर ओढली की चेहऱ्यात रक्त येतं. कुर्त्यावर ती रेघ नको, कापडात रक्त नसतं.

‘उजेड उबदार तर सावली थंड’ हे वाक्य काही शिकवण्यांमध्ये वास्तुशास्त्रातल्या ईशान्येसारखं जपलं जातं. गुलाबी भिंतीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली मुलगी बसवली, तर झाकलेला दिवा ट्यूब, उरलेला दिवा भिंत, आणि सावली गुलाबी. दुसरा दिवा कोणता ते शोधा, वाक्य पाठ करू नका.

आणखी एक चूक इतकी सर्रास दिसते की चांगल्या चित्रांतही सापडते. मानेची एक बाजू सावलीत आहे, तिच्यावर हनुवटीचीही सावली पडते, आणि दोन्ही वेगवेगळ्या मल्टिप्लाय लेयरवर आहेत. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे १८८ गुणिले १८८, म्हणजे १३९: निम्म्याचा निम्मा प्रकाश. पण सूर्य एकदा झाकला की झाकला, तोच सूर्य दुसऱ्यांदा कसा झाकणार? दोन्ही सावल्या एकाच लेयरवर, शंभर टक्के अपारदर्शक ब्रशने, एकजीव काढा. दुसरा, जास्त गडद लेयर हवाच, पण जिथे आकाशही झाकलं जातं तिथेच: कॉलरच्या आत, कानामागे, बाहीच्या तोंडाशी. १३ मेच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा भुवया, नाक आणि हनुवटीखाली पहिली सावली दिसेल. दुसरी फक्त या सांदीकोपऱ्यांत.

राहिले काळे केस, आणि आपल्याकडच्या पात्रांना ते असणारच. (४०, ३५, ४५) वर आपली सुधारलेली सावली (१९०, १७०, २१०) टाकली तर (३०, २३, ३७) येतं. हा दहाएक आकड्यांचा फरक मोबाइलवर दिसत नाही. केसांचा मूळ रंगच (७०, ६०, ८०) वर उचला आणि आकार चकाकीवर सोपवा. चकाकी केसाच्या वरच्या थरावरूनच परतते, आतल्या काळ्या रंगद्रव्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिला केसाचा रंग येत नाही, दिव्याचा येतो. प्रत्येक केस म्हणजे बारीक नळकांडं, प्रकाश तिथून शंकूसारखा पसरतो. कजिया आणि के यांनी १९८९ मध्ये संगणकासाठी याचं सूत्र मांडलं. डोक्यावर चकाकीचं कडं दिसतं ते त्यामुळे, केसांच्या दिशेला आडवं. भांगापाशी कडं तोडा. वेणी असेल तर प्रत्येक पेडाच्या फुगवट्यावर वेगळी चकाकी द्या. रंग? त्वचेवरून हाकललेला (१५०, १७०, २१०) इथे जसाच्या तसा चालतो. फक्त चकाकीचा लेयर मल्टिप्लायच्या वर ठेवा, नाहीतर सावलीतल्या केसांवर त्याचा (११२, ११३, १७३) होतो आणि तेल लावलेले केस शाई सांडल्यासारखे दिसतात.