‘लास्ट मॅन’ला रेड? नियमात हा माणूस दाखवा बरं

फुटबॉलमध्ये यलो कार्ड म्हणजे ताकीद, रेड म्हणजे बाहेर. हे सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो दोन गुन्ह्यांत: रंगात आलेली चाल तोडणं आणि हमखास गोलची संधी हिरावणं. पहिल्याला यलो, दुसऱ्याला साधारणपणे रेड. आणि दोन्ही ओळखायला लोक एकच फूटपट्टी लावतात, ‘मागे कुणी होतं का? नाही ना, मग काढा बाहेर!’

हा लास्ट मॅन, म्हणजे गोलकीपरआधीचा शेवटचा बचावपटू, फाऊलच्या नियम क्रमांक १२ मध्ये शोधूनही सापडत नाही. रेफ्रीने पाहायच्या गोष्टी चार आहेत. फाऊल गोलपासून किती लांब झाला, चाल कुठल्या दिशेने चालली होती, चेंडू ताब्यात राहिला किंवा आला असता का, आणि बचावपटू किती व कुठे होते. लास्ट मॅनवाले यातली चौथी तेवढी उचलतात, तीही अर्धवट.

इटलीचा बचावपटू कियेलिनी आणि इंग्लंडचा साका आठवा. ११ जुलै २०२१, वेम्बली, युरोची फायनल, जादा वेळेआधीचे शेवटचे क्षण. चेंडू रेषेबाहेर जाऊ द्यावा म्हणून कियेलिनी आडवा उभा राहिला, साका त्याला चकवून निसटला आणि म्हाताऱ्याने मागून थेट कॉलर धरून त्याला खाली ओढलं. तो फाऊल मला आजही बघवत नाही. पण झाला कुठे? साइडलाइनला चिकटून, मधल्या रेषेच्या आसपास. गोल तिथून कुठल्या कुठे! रेफ्री बियोर्न कायपर्सने यलो दाखवलं आणि ते बरोबरच होतं. ओढणं किती ओंगळ दिसलं यावर हमखास गोलची संधी ठरत नाही.

पेनल्टी बॉक्समध्ये आणखी एक गाठ आहे. २०१६ पासून तिथे बचावपटूने चेंडूसाठी खरा प्रयत्न करताना हमखास संधी मोडली, तर पेनल्टी आणि यलो. संधी पेनल्टीने परत मिळतेच. धरलं, ओढलं, ढकललं, किंवा चेंडूसाठी प्रयत्नच नव्हता, तर रेड. फेब्रुवारी २०२१ मध्ये वुल्व्हजविरुद्ध आर्सेनलचा बचावपटू डेव्हिड लुईझ असाच रेड घेऊन गेला. मागून धावताना वुल्व्हजच्या विलियन जोझेचा पाय त्याला लागला, एवढंच. ‘अहो, चुकून लागला!’ असेल. पण चेंडूसाठी लुईझने काही केलंच नव्हतं, म्हणून यलोची सवलत नाही. अपीलही फेटाळलं गेलं. नियम इथे निर्दयी आहे हे मला मान्य आहे, पण त्यासाठी रेफ्रीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आणि हो, त्याच बॉक्समध्ये चेंडूसाठी झेपावताना नुसती चाल तुटली, तर पेनल्टी मिळते, कार्ड निघतच नाही. तरीही ‘यलो कुठंय?’ म्हणून बोंबलणारे असतातच.