परदेशात शिकलेलं वर्ष पदवीत कसं धरलं जाऊ लागलं

एक सत्र किंवा एक वर्ष परदेशी विद्यापीठात काढायचं, तिथल्या परीक्षा द्यायच्या आणि परत येऊन आपल्याच कॉलेजची पदवी घ्यायची, ही व्यवस्था जेमतेम शंभर वर्षांची आहे. शिकण्यासाठी परमुलखात जाणं मात्र विद्यापीठांइतकंच जुनं. या मार्गात प्रवासापेक्षा मोठा अडसर होता तो एकाच प्रश्नाचा: तिकडे शिकलेलं इकडे कोण मानणार?

मध्ययुगीन युरोपात हा प्रश्न फारसा जाचत नव्हता. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात कायदा शिकायला आल्प्सपलीकडून मुलं यायची. त्यांची धास्ती वेगळीच होती. आपल्या मुलखातल्या भलत्याच कुणी कर्ज बुडवलं, तरी त्याची वसुली हाती लागलेल्या विद्यार्थ्याकडून होऊ शके. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११५५च्या सुमारास फर्मान काढून ही वसुली बंद केली आणि शिकायला निघालेल्यांच्या प्रवासाला संरक्षण दिलं. शिकवण्याची भाषा सगळीकडे लॅटिन. शिवाय काही विद्यापीठांच्या पदवीधरांना कुठेही शिकवण्याची मुभा पोप देत असे. बोलोन्याला ती १२९१मध्ये मिळाली. पुढे प्रत्येक राष्ट्राने आपापली भाषा, अभ्यासक्रम आणि परीक्षा उभ्या केल्या आणि ही सोय हळूहळू मोडीत निघाली. सतराव्या-अठराव्या शतकातली श्रीमंतांची मुलं ‘ग्रँड टूर’वर युरोपभर हिंडत, पण त्याला अभ्यास म्हणायला मन बरंच मोठं करावं लागेल.

आजच्या कार्यक्रमांची सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेले फ्रेंचचे तरुण प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड यांनी तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी फ्रान्सला पाठवण्याची कल्पना मांडली. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांना ती पटली, पण विद्यापीठाने पैसे द्यायला नकार दिला. मग उद्योगपती पिएर द्यु पाँ यांच्यासारख्या देणगीदारांकडून निधी उभा राहिला. जुलै १९२३मध्ये आठ विद्यार्थी ‘रोशाम्बो’ बोटीने निघाले. आधी फ्रान्समधल्याच नान्सी शहरात भाषेची तयारी, मग पॅरिसला सोर्बोन विद्यापीठात शिक्षण. नवं होतं ते एवढंच, की हे वर्ष पदवीत धरलं जाणार होतं. दोनच वर्षांनी स्मिथ कॉलेजनेही आपल्या विद्यार्थिनी पॅरिसला पाठवल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारं या कामात उतरली. सिनेटर फुलब्राइट यांच्या १९४६च्या कायद्यामागे हिशेबी डोकं होतं: परदेशांत पडून राहिलेलं अमेरिकी युद्धसाहित्य तिथल्या सरकारांना विकायचं आणि त्यांच्याच चलनात आलेले पैसे विद्यार्थी-अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करायचे.

पण शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे मान्यता मिळाली असं नाही. सोफिया कोराडी ही इटालियन विद्यार्थिनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन आली. रोममधल्या तिच्या विद्यापीठाने ती मोजायलाच नकार दिला. वर अमेरिकेत मजा मारून आल्याबद्दल कार्यालयात सगळ्यांसमोर बोलणी ऐकवली. तो अपमान तिला चांगलाच लागला. पुढे शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झालेल्या कोराडींनी परदेशात शिकलेलं मायदेशी मोजलं जावं म्हणून जवळपास दोन दशकं कुलगुरू, मंत्री आणि अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवला.

अखेर १९८७मध्ये युरोपने विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशांतल्या विद्यापीठांत पाठवणारी ‘इरॅस्मस’ योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. पाठोपाठ १९८९पासून श्रेयांकांची, म्हणजे अभ्यास मोजण्याच्या ‘क्रेडिट’ची, समान पद्धत वापरात आली: पूर्ण वेळ शिकलेल्या एका वर्षाचे ६० श्रेयांक. निघण्यापूर्वीच कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात मायदेशी काय माफ होणार, याचा करार होतो आणि त्यावर विद्यार्थी व दोन्ही विद्यापीठं सह्या करतात. तिथे गेल्यावर एखादा विषय यंदा शिकवतच नाहीत असं कळलं, तर हा करार सुधारून पुन्हा सह्या घ्याव्या लागतात.