‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे चालू नव्हे

जुलैतल्या एका सकाळी चिपळूणहून तिथलं नेट सांभाळणाऱ्या एका मुलाने स्विचच्या, म्हणजे गावाचं नेट पुढच्या नेटवर्कांशी जोडणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘दादा, बीजीपी अ‍ॅक्टिव्ह दाखवतंय, तरी नेट नाही. रीस्टार्ट मारू?’ मी तातडीने फोन करून त्याला थांबवलं.

बीजीपी, म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, ही इंटरनेटमधल्या हजारो स्वतंत्र नेटवर्कांची एकमेकांना रस्ते सांगायची भाषा. एसटीच्या पाटीवर ‘चिपळूण–पुणे, मार्गे कुंभार्ली घाट, कराड’ असतं ना, तशाच पाट्या ही नेटवर्कं शेजाऱ्याला देतात आणि पुढे देताना ‘मार्गे’त आपला ठरलेला नेटवर्क नंबर जोडतात. आलेल्या पाटीवर स्वतःचाच नंबर दिसला, तर ती सरळ टाकून द्यायची. गाडी घाटात गोल फिरत राहत नाही ती यामुळेच. 1989 साली कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी याचा पहिला आराखडा जेवताना पेपर नॅपकिनवर काढला होता.

‘शो आयपी बीजीपी समरी’ ही कमांड दिली की दर शेजाऱ्यामागे एक ओळ दिसते. शेवटच्या रकान्यात आकडा असला तर संबंध जुळलेला आहे. आकड्याऐवजी ‘आयडल’, ‘कनेक्ट’, ‘अ‍ॅक्टिव्ह’ असा शब्द असला तर नाही. बीजीपीचं बोलणं सुरू होण्याआधी दोन यंत्रांमध्ये टीसीपी जोडणी, म्हणजे निरोप खात्रीने पोचवणारी वाट, व्हावी लागते, 179 क्रमांकाच्या पोर्टवर (हा पोर्ट म्हणजे यंत्रातलं नुसतं क्रमांकाचं दार). ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे यंत्र त्या जोडणीसाठी हाका मारतंय आणि पलीकडून ओ येत नाही. जोडणी झाली की ‘ओपनसेंट’: माझा नंबर हा, इतका वेळ गप्प राहिलास तर तुला गेलेला समजेन. दोघांच्या मुदतींपैकी कमी असेल ती ठरते. मग ‘ओपनकन्फर्म’, आणि शेवटी ‘एस्टॅब्लिश्ड’. तेव्हा कुठे शब्द जाऊन आकडा येतो.

‘पण पोर्टचा दिवा हिरवा आहे!’ मुलगा म्हणाला, म्हणजे केबल खोचतात त्या खाचेचा. दिवा फक्त शेजारच्या डब्यापर्यंतचं सांगतो. फायबर तुटली होती कित्येक किलोमीटर पुढे, हायवेच्या खोदकामात. अशा वेळी बीजीपीला लगेच काहीच कळत नाही. त्या स्विचवर दर 60 सेकंदांनी ‘मी आहे’ असा छोटा निरोप जातो, आणि 180 सेकंद काहीच आलं नाही तर शेजारी गेला असं धरतात. संबंध तुटून किंवा जुळून किती वेळ झाला ते शेवटून दुसऱ्या रकान्यात असतं; तिथे वेळ होती 47 मिनिटं. म्हणजे फायबर तुटली ती त्याच्याही दोन-तीन मिनिटं आधी, सुमारे 50 मिनिटांपूर्वी. जेसीबी कुठे चालू होता हे शोधायला एवढं पुरे झालं. रीस्टार्ट मारला असता तर ही वेळ पुसली गेली असती.

त्याच फोटोत रॅकला बांधलेली लिंबू-मिरचीही दिसत होती. ती काढायला लावली. यंत्र स्वतःच्या तोंडाने काय झालं ते सांगत असताना दृष्ट काढण्यात वेळ का घालवायचा? कारण न बघता रीस्टार्ट मारणं हाही मला तसलाच उतारा वाटतो.

खरा घोळ पुढच्या ओळीत होता. कोल्हापूरकडून येणारी दुसरी लाइन अशाच दिवसासाठी घेतलेली. तिची वेळ पाच आठवडे दोन दिवस, आणि आकडा 0. संबंध उत्तम, पण घेतलेले रस्ते शून्य! पलीकडून डीफॉल्ट रूट, म्हणजे ‘बाकी सगळं माझ्याकडे दे’ ही एकच पाटी येत होती, आणि आपल्याच स्विचवरचा फिल्टर, म्हणजे कोणत्या पाट्या घ्यायच्या याची यादी, ती अडवत होता. पाच आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पहिली लाइन चालू होती.

फिल्टरमध्ये एक ओळ घालून घेतली आणि संबंध न तोडता त्या शेजाऱ्याकडून रस्ते पुन्हा मागवले. 0 चा 1 झाला. पहिल्या ओळीत ‘अ‍ॅक्टिव्ह’ तसंच होतं, पण गावातून येणारे तक्रारीचे फोन थांबले.