"येत होतं सर, पेपरात ब्लँक झालो": भ्यायलेलं लेकरू आणि पाठच नसलेलं लेकरू

मेडिकलच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेचा रविवारचा मॉक, म्हणजे सराव पेपर, झाला की सोमवारी सकाळी लातूरच्या ट्यूशन एरियात कुठल्याही चहाच्या टपरीवर जाऊन उभं राहा, दहा मिनिटांत एखादं तरी लेकरू म्हणणारच की येत होतं रे सगळं, पेपरात ब्लँक झालो. मी इथं बायोलॉजी शिकवतो आणि लै वर्षं हे वाक्य ऐकलं की खांद्यावर हात ठेवून "टेन्शन नको घेऊ" म्हणायचो आन मोकळा व्हायचो. चूक होती माझी. कारण हे एकच वाक्य दोन पार वेगळी दुखणी असलेली लेकरं बोलतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की ते अजून बिघडतं.

एक दुखणं म्हणजे खरी परीक्षेची भीती. डोक्यात आहे, पण हॉलमध्ये बाहेर निघत नाही. दुसरं म्हणजे डोक्यात बसलेलंच नाही, पण बसलंय असं वाटतंय. बाहेरून बघाल तर दोन्हीकडं तेच, हाताला घाम, पोटात गोळा, पडलेला चेहरा, कमी मार्क. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. दुसऱ्यावाल्यालाही मनापासून वाटत असतं की मला येत होतं.

गंगाखेडकडचा एक रिपीटर, म्हणजे नीट परत देणारा, पोरगा होता माझ्याकडं. रूमवर राहायचा, डबा घरून एसटीनं यायचा, अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसायचा, कष्टाला कुठंच कमी नाही. मॉकमध्ये रेस्पिरेशनचे बरेच प्रश्न चुकले तर तेच, ब्लँक झालो सर. मी त्याला ऑफिसात बसवलं, चहा मागवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठ करून बस म्हणलं, एक कोरा कागद दिला आणि त्याच धड्यातली क्रेब्स सायकल, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांचं चक्र, काढ म्हणालो, वेळेचं बंधन नाही, मार्क नाहीत, मी पण बाहेर जातो. पंधरा मिनिटांनी आलो तर कागदावर ॲसिटिल कोए, एक बाण, सिट्रिक ॲसिड, अजून एक बाण, आणि संपलं. मला म्हणतो, "सर, पान डोळ्यापुढं दिसायलंय, उजव्या बाजूला आकृती आहे, खाली मी पिवळं केलंय, पण आतलं दिसंना." त्याचं पुस्तक बघितलं तर अख्खं पान पिवळंधमक! पाच वेळा वाचलं होतं म्हणाला, आणि वाचलंच होतं त्यानं.

आता यात भीती कुठाय? चहा पिताना, घड्याळ नसताना, कुणी बघत नसताना सुद्धा आलं नाही. पाच वेळा वाचून पान ओळखीचं झालं होतं, एवढंच. रोज बसमध्ये दिसणारा माणूस ओळखीचा असतो पण त्याचं नाव सांगा म्हणलं की आपण गप्प, तसंच. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर प्रयोग केला होता, एका गटाला उतारा परत परत वाचायला लावला आणि दुसऱ्याला एकदा वाचून मग कागदावर आठवून लिहायला लावलं. वाचणाऱ्यांना जास्त खात्री होती की आपल्याला लक्षात राहील. आठवड्यानं बघितलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि लिहून बघणाऱ्यांना ६१ टक्के. ती खोटी खात्रीच लेकरांना पेपरात बुडवते, आणि बुडाल्यावर ते म्हणतात ब्लँक झालो.

त्याच बॅचला उदगीरची एक मुलगी होती. तिलाही तोच कागद दिला. पाच मिनिटांत अख्खं चक्र काढलं, सहा कार्बन, मग पाच, मग चार, सीओटू कुठं निघतो, जीटीपी कुठं तयार होतो, सगळं. आणि हिचे मॉकमध्ये त्याच धड्याचे दोन प्रश्न चुकले होते! मग मी तिची प्रश्नपत्रिका मागून घेतली, आणि खरी गोष्ट तिथं सापडली. सुरुवातीचे प्रश्न झकास, पुढं फिजिक्सचा एक प्रश्न अडला, तिनं तो सोडला, बरोबरच केलं, पण त्याच्यानंतरचे बारा प्रश्न बघवत नव्हते, तोंडपाठ फॉर्म्युल्याचे सुद्धा चुकलेले, आणि समासात रफ कामाच्या जागी बारीक अक्षरात गुणाकार केलेले. कशाचे? तर मार्कांचे. इतके बरोबर गुणिले चार, इतके चुकले वजा एक, मागच्या वेळपेक्षा किती कमी. एका पानावर तेच गणित तीनदा. पेपर चालू असताना बाई निकाल लावत बसली होती.

हीच खरी परीक्षेची भीती. लिबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच या भीतीचे दोन भाग करून दाखवले होते, एक अंगाचा, म्हणजे धडधड, घाम, मळमळ, आणि दुसरा डोक्यातला, म्हणजे काळजी, आता माझं कसं होणार, पप्पाला काय सांगू, बाकीच्यांचं किती झालं असेल. मार्क खाणारी असते ती काळजी, धडधड त्यामानानं गरीब आहे बिचारी. कारण साधं आहे. डोक्यात एका वेळी हाताळायला जागा थोडीच असते, त्यातली अर्धी काळजीनं अडवली की उरलेल्या जागेत प्रश्न सोडवायचा, नीट परीक्षेचं म्हणाल तर १८० मिनिटांत १८० प्रश्न. म्हणून असं लेकरू अवघड प्रश्नात नाही मरत, सोप्यात मरतं, "नाही" शब्द वाचायचं राहतं, ओएमआरला, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, एक ओळ खाली गोल करून येतं.

तर ओळखायचं कसं, असं पालक विचारतात. चुका कुठं पडल्यात ते बघा. पाठ नसलेल्याच्या चुका धड्याधड्यानं असतात, जेनेटिक्स गेलं म्हणजे या मॉकला गेलं, पुढच्याला गेलं, घरी सोडवलं तरी गेलं. भ्यायलेल्याच्या चुका वेळेनुसार असतात, अमुक प्रश्नापर्यंत ठीक आणि मग घसरगुंडी, आणि पुढच्या वेळी वेगळेच धडे चुकलेले. दुसरं म्हणजे गेटच्या बाहेर काय होतं. भ्यायलेल्याला सेंटरच्या गेटबाहेर पाण्याची बाटली उघडता उघडता उत्तर आठवतं आणि तो कपाळावर हात मारून घेतो. पाठ नसलेल्याला आन्सर की बघितल्यावर आठवतं, "अरे हेच तर मला येत होतं", पण ते आठवणं नाही, ते परत ओळखणंच झालं. हा फरक बारीक आहे पण लै कामाचा. कोऱ्या कागदाचं तर वर सांगितलंच, त्याच्याइतकी स्वस्त तपासणी नाही.

आता घोळ असा की ही दोन दुखणी एकमेकाला बोलावून आणतात. भ्यायलेलं लेकरू अवघड धडा उघडायलाच टाळतं, टाळलं की कच्चं राहतं, कच्चं राहिलं की अजून भीती. १९८८ मध्ये हेम्ब्री या संशोधकानं परीक्षेच्या भीतीवरचे ५६२ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा भीती जास्त तिथं मार्क कमी हे दिसलंच होतं, पण का कमी यावर भांडण चालूच राहिलं. २०२२ मध्ये जर्मनीत मेडिकलच्या ३०९ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, फायनल परीक्षेच्या आधी त्यांना खरंच किती येत होतं ते तयारीच्या ॲपवरून मोजलं, आणि तेवढं हिशोबात धरल्यावर भीतीमुळं मार्क वेगळे कमी झालेले दिसलेच नाहीत. म्हणजे भीतीनं नुकसान केलं असलं तर ते हॉलमध्ये नाही, आधीच्या महिन्यांत, अभ्यासाच्या टेबलावर. मी एवढ्यावरून उदगीरवालीला खोटी ठरवणार नाही, तिचा कागद मी डोळ्यानं बघितलाय, पण माझ्या अंदाजानं दहा जण ब्लँक झालो म्हणाले तर सात-आठ गंगाखेडवाल्यासारखे निघतात.

आणि आपण करतो काय, तर बरोबर उलटं. गंगाखेडवाल्याला म्हणतो ध्यान कर, शांत राहा, मन मोठं कर. अरे शांत होऊन काय करणार, डोक्यात नाहीच तर! त्याला हायलायटर काढून घ्या आणि रोज एक धडा पुस्तक मिटून कागदावर उतरवायला लावा, सुरुवातीला लाज वाटते, आठवडाभर कागद अर्धा रिकामा राहतो, राहू द्या. आणि उदगीरवालीला म्हणतो अजून अभ्यास कर, दोन तास वाढव, शेजारच्याचं बघ किती झालं. तिच्या डोक्यात आधीच मार्कांचा हिशोब चालू आहे, त्यात अजून एक आकडा टाकला आपण.

तिच्यासाठी काय चाललं ते सांगतो. पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहून काढायची, असा २०११ चा एक गाजलेला प्रयोग आहे, भिणाऱ्यांचे मार्क त्यानं सुधारले होते, पण २०१८ ला तो पुन्हा करून बघितला तर तसा निकाल आला नाही, म्हणून मी त्यावर फार विसंबत नाही, लिहून तोटा नाही एवढंच म्हणतो. माझ्या अनुभवात जास्त उपयोग झाला तो मॉकचा. दुपारी दोन ते पाच, अनोळखी खोली, उन्हाळ्यात पंखा बंद असलेली सुद्धा, आणि निकाल लावायचाच नाही, नुसतं कुठं घसरलं ते बघायचं. दहा-बारा वेळा असं झालं की शरीरालाच सवय होते.

हां, पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, डबा तसाच परत जायलाय, लेकरू बोलेना झालंय किंवा जगण्यात काय ठेवलंय असलं काही बोलायलंय, तर तिथं ना कोरा कागद चालत ना मॉक. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. लावा. आणि त्याच दिवशी लेकराच्या रूमवर जा.

उदगीरवालीच्या पुढच्या मॉकची प्रश्नपत्रिका मी परत मागून घेतली. समासात एकच गुणाकार होता, तो पण अर्धा, आणि त्याच्यावर काट मारलेली.