लॅपटॉप मुका झाला? आधी हिरवी पट्टी बघा

लॅपटॉपचा आवाज गेला की पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका, हा. सोसायटीत चौथ्या मजल्यावर पाणी चढलं नाही तर कोणी गच्चीवरची टाकी फोडायला जात नाही, आधी व्हॉल्व्ह बघतात. इथेही तसंच करायचं.

गाण्याच्या फाइलमध्ये आवाज नसतोच, नुसते आकडे असतात. सेकंदाला 44,100 किंवा 48,000, तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे. प्रोग्रॅम ते आकडे विंडोजला देतो, विंडोज ते ड्रायव्हर नावाच्या दुभाषी प्रोग्रॅममार्फत कोडेक नावाच्या चिपला देतं, चिप त्यांचे विजेचे चढउतार करते, अ‍ॅम्प्लिफायर त्यांना जोर देतो आणि मग कुठे बोटभर स्पीकरचा पडदा थरथरतो. ही वाट नेमकी कुठे अडली ते कळलं, की निम्मं काम झालं.

म्यूटचं बटण आणि आवाजाची पातळी आधी बघून घ्या. कीबोर्डवर वरच्या ओळीत स्पीकरचं चित्र असलेली कळ असते, ती चुकून दाबली जाते. ब्राउझरचा एखादा टॅबही स्वतंत्रपणे म्यूट होऊ शकतो. त्या टॅबवर राइट क्लिक केलं की कळतं.

आता मुख्य परीक्षा. एखादं गाणं चालू ठेवा. सेटिंग्ज, सिस्टीम, साऊंड असं जाऊन विंडोज 11 मध्ये तळाशी ‘मोअर साऊंड सेटिंग्ज’ उघडा. विंडोज 10 मध्ये त्याच पानावर ‘साऊंड कंट्रोल पॅनेल’ मिळेल. छोटी खिडकी उघडते. तिच्या प्लेबॅक भागात प्रत्येक उपकरणापुढे एक उभी पट्टी असते. गाणं ज्या उपकरणाकडे चाललंय, तिथली पट्टी हिरवी होऊन वरखाली नाचते.

पट्टी टीव्हीपुढे किंवा ब्लूटूथ इअरबडपुढे नाचत असेल तर बिघाड काहीच नाही, आवाज भलत्याच घरी पोचतोय. एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे टीव्ही जोडला की विंडोज अनेकदा आवाज तिकडे वळवतं. इअरबडचं तर विचारू नका. आतल्या खोलीत कोणी ते कानात घालून पडलेलं असतं आणि बाहेर आपण लॅपटॉप आपटत असतो. ‘स्पीकर्स’वर क्लिक करून ‘सेट डिफॉल्ट’ दाबा, काम झालं.

एकही पट्टी हलत नसेल, तर अडथळा बहुधा प्रोग्रॅममध्येच आहे. टास्कबारवरच्या स्पीकरवर राइट क्लिक करून ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा. प्रत्येक प्रोग्रॅमची पातळी तिथे वेगळी दिसते. मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये स्पीकर निवडायची स्वतःची सोय असते, तीही तपासा. ऐरोली-महापेला ऑफिस असलेल्यांना आणखी एक अनुभव येतो: कॉल सुरू झाला की गाणं एकदम बारीक होतं. तो बिघाड नव्हे. त्याच छोट्या खिडकीतल्या कम्युनिकेशन्स भागात, कॉल चालू असताना बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचं ठरवलेलं असतं. ‘डू नथिंग’ निवडा.

पट्टी ‘स्पीकर्स’पुढेच नाचतेय आणि तरी शांतता? मग 3.5 मिलिमीटरच्या हेडफोन खाचेकडे बघा. आत एक बारीक स्प्रिंगपट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते, चिपला कळतं आणि स्पीकर बंद केले जातात. खाचेत बॅगेतला कापूस-धूळ अडकली, किंवा लोकलच्या गर्दीत हेडफोनची पिन वाकून ती पट्टी दबली, तर हेडफोन काढल्यावरही लॅपटॉपला तो आत असल्यासारखाच वाटतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की त्या पट्टीवर गंजाचा थर धरतो. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पिन दहा-पंधरा वेळा हळूच आतबाहेर करा. कचरा दिसला तर कोरड्या लाकडी टूथपिकने काढा. सुई किंवा तार नको, पट्टी मोडली की खाचच बदलावी लागते.

टास्कबारवरच्या स्पीकरवर लाल फुली असेल तर विंडोजला चिपच दिसत नाहीये. हे बऱ्याचदा अपडेटनंतर होतं. प्रथम रीस्टार्ट करा, शटडाऊन नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच, चुकीसकट, परत उठतो. रीस्टार्टमध्ये तो नव्याने उभा राहतो. तरीही नाही, तर विंडोज आणि एक्स या कळा एकत्र दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘साऊंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’खाली पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडलाय, खाली वळलेला बाण असेल तर कोणीतरी तो बंद करून ठेवलाय. बंद असेल तर ‘इनेबल’ करा. बिघडला असेल तर प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून बघा. ते फिकट दिसत असेल तर ‘अनइन्स्टॉल’ करून रीस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर पुन्हा बसवतं. नवा हवा असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर फुकट’ म्हणणारे प्रोग्रॅम लांबच ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे काही न करता आयटीवाल्यांना फोन.

दुकानात नेण्याआधी एक यूएसबी हेडफोन लावून बघा. त्याची आकड्यांचा आवाज करणारी चिप स्वतःची असते. तो वाजला तर विंडोज ठीक आहे. त्यानंतर खाचेत साधा हेडफोन लावा. तोही वाजला तर कोडेक चिपही ठीक, आणि खोट स्पीकर, त्याची वायर किंवा खाचेतल्या त्या पट्टीत उरते. साधा वाजला नाही तर संशय आधी खाचेवर, मग चिपवर. दुकानदाराला नेमकं एवढंच सांगा. मग फॉरमॅटचा विषय तोच काढणार नाही.