खेकड्यातला जंत आणि टीबीचं निदान

फुप्फुसात घर करणारा पॅरागोनिमस हा चपटा जंत आधी सापडला तो वाघात. 1878 मध्ये केरबर्ट यांनी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघाच्या फुप्फुसातून त्याची नोंद केली आणि तिथले संचालक वेस्टरमन यांचं नाव त्याला दिलं. 1879 मध्ये फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात, डॉ. रिंगर यांना एका पोर्तुगीज माणसाच्या शवविच्छेदनात तसाच जंत आढळला. 1880 मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या आमॉयला एका खोकणाऱ्या रुग्णाची लालसर थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तीत अंडी! जपानमध्ये बेल्झ यांनाही त्याच वर्षी ती दिसली.

ही लागण होते कुठून, हे उलगडायला मात्र 1910 चं दशक उजाडलं. जपानी संशोधक नाकागावा यांनी फॉर्मोसातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांत या जंताच्या अळ्या दाखवून दिल्या. थुंकीतली किंवा विष्ठेतली अंडी पाण्यात पडतात, फुटलेली अळी गोगलगायीत वाढते, तिथून खेकड्यात शिरते. असा खेकडा कोणी कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाल्ला, की अळी आतड्याची भिंत भेदून, छाती आणि पोटामधला पडदा ओलांडून फुप्फुसात पोहोचते. कोरियात गोवर झालेल्या मुलांना गोड्या पाण्यातल्या शेवंडीसारख्या प्राण्याचा कच्चा रस औषध म्हणून पाजत. त्यातूनही अनेकांना हा आजार झाला.

आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मणिपूरमधून रुग्णांची नोंद झाली, नंतर नागालँड आणि अरुणाचलमधूनही. इथला मुख्य दोषी पॅरागोनिमस हेटेरोट्रेमस, याच जंताची एक जात. मला यात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट निदानाची वाटते. महिनोन्‌महिने खोकला, थुंकीतून रक्त, एक्स-रेवर डाग. डॉक्टरांच्या मनात आधी टीबीच येणार. त्यात थुंकीतले टीबीचे जंतू पाहण्यासाठी स्लाइड रंगवण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तीत या जंताची अंडी सहज नजरेतून सुटतात. म्हणजे अहवाल निगेटिव्ह आला, तरी खरं कारण कळतच नाही. असे कित्येक रुग्ण टीबीची औषधं महिनोन्‌महिने घेत राहिले आणि खोकला तसाच राहिला. न रंगवलेली ताजी थुंकी तपासली, रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का ते पाहिलं आणि ‘कच्चा खेकडा खाल्ला होता का’ एवढं विचारलं, तर शोध लागण्याची शक्यता खूप वाढते. त्यावर प्राझिक्वांटेल या जंतनाशकाच्या गोळ्या दोन-तीन दिवस घ्याव्या लागतात.